दुखावलेल्या कोपराने पुन्हा धनुष्य उचलताना



धनुर्विद्येवर बोलण्यासाठी मला येथे बोलावण्यात आले, तेव्हा पदके, विक्रम आणि ऑलिंपिक यांविषयी काही ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी शरीरातील एका अगदी लहान जागेविषयी बोलणार आहे. आपला उजवा हात कोपरात थोडासा वाकवून डाव्या हाताची बोटे कोपराच्या बाहेरच्या बाजूवर फिरवली, तर तेथे हाडाचा एक लहानसा उंचवटा लागतो. एवढ्याशा जागेने माझ्या आयुष्यातील जवळजवळ दीड वर्ष घेतले. आणि तिच्याविषयीच्या माझ्या अज्ञानाची किंमत माझ्याआधी माझ्या एका विद्यार्थ्याला मोजावी लागली. त्याच्याविषयी मी शेवटी सांगेन.

आमच्या झारखंडमध्ये धनुष्यबाण ही वस्तू कोणाला नवी नाही. पुष्कळशी मुले बांबूच्या धनुष्यावर हात बसवतात आणि मग खेळाच्या मैदानावर येतात. बांबूच्या धनुष्याने खेळण्याच्या देशांतर्गत स्पर्धांत अंतरे 30 आणि 50 मीटरची असतात. पुढे मुलगा किंवा मुलगी रिकर्व्ह धनुष्याकडे, म्हणजे ऑलिंपिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या, टोके उलट वळलेल्या धनुष्याकडे वळते, तेव्हा तिच्यासमोर 70 मीटरचे अंतर उभे राहते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ते 60 मीटर आहे. लक्ष्याचा व्यास 122 सेंटिमीटर आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटरचे. हलक्या धनुष्याने सोडलेला बाण एवढ्या दूर जाताना उंच कमान घेतो, वाऱ्याने हलतो आणि नेम धरण्याची पिनही फार खाली आणावी लागते. म्हणून सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागते : धनुष्याची ओढ वाढवावयाची. ओढ म्हणजे प्रत्यंचा पूर्ण मागे खेचण्यास लागणारे बळ. आमच्या मैदानावर ती अजूनही पौंडांत मोजतात.

मी तेच केले. 2011 च्या हिवाळ्यात एका निवड चाचणीस पाच आठवडे उरले असताना मी माझ्या धनुष्याची ओढ 34 पौंडांवरून 42 पौंडांवर नेली. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोहून थोडे अधिक. ऐकावयास हे विशेष वाटत नाही. पण मी दिवसाला अडीचशे बाण सोडीत असे. बेचाळीस पौंड म्हणजे एकोणीस किलो. अडीचशेने गुणले असता दिवसाकाठी पावणेपाच टन ओझे होते, आणि ते सारे तीन बोटांच्या पेरांतून हातात शिरते. हा गुणाकार मी तेव्हा केला असता तर बरे झाले असते.

पहिली खूण मला मैदानावर मिळाली नाही. ती स्वयंपाकघरात मिळाली. कणीक मळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूस एक बारीक कळ आली. नंतर कपडे पिळताना आली, हापशाचा दांडा दाबताना आली, आणि एके दिवशी पाण्याने भरलेला तांब्या उचलताना हातातून सुटला. मी तांब्या डाव्या हाताने उचलू लागले. वसतिगृहात हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि मी कोणाला सांगितलेही नाही. सांगितले असते तर चाचणीतून माझे नाव वगळले गेले असते. आपल्या देशात या खेळामुळे रेल्वेत, सैन्यात, पोलिसांत नोकरी मिळू शकते. ज्या घरात दुसरी कोणतीही कायम मिळकत नाही, त्या घरच्या मुलीने कोपर दुखते असे का सांगावे? दुखणे लपवणे हा तिचा स्वभावदोष नसतो. तो तिने केलेला हिशेब असतो.

चाचणीच्या दिवशी बहात्तर बाण सोडावयाचे होते. सहा-सहाच्या बारा फेऱ्या. आमच्या धनुष्यावर धातूची एक पातळ पट्टी असते, तिला क्लिकर म्हणतात. बाणाचे टोक तिच्यामागे ठरलेल्या जागी आले की ती टक् असा आवाज करते, आणि तो आवाज हाच बाण सोडण्याचा इशारा. आठव्या फेरीपासून माझा क्लिकर वाजेना. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हाताला ओढवत नव्हते. मी ओढलेले धनुष्य पुन्हा खाली घेई, पुन्हा ओढी. नवव्या फेरीत वेळ संपला तेव्हा माझे दोन बाण भात्यातच राहिले होते. त्या दिवशी मी तंबूमागे जाऊन बसले. कोपरापेक्षा मला लाजच अधिक दुखत होती.

आता हे दुखणे काय असते ते थोडक्यात सांगते. कारण ते समजल्यावाचून त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग समजत नाही. सामान्यतः लोक त्याला टेनिस एल्बो म्हणतात. हे नाव फसवे आहे, कारण त्याने पीडलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते. 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने त्याचे जे वर्णन केले, ते लेखनाने हात आखडणाऱ्यांच्या संदर्भात होते. टेनिसचे नाव त्याला चिकटले ते पुढच्या दशकात, इंग्लंडमध्ये. मनगट वर उचलणारे आणि स्थिर धरणारे स्नायू एका जाड दोरीसारख्या भागाने कोपराच्या त्या उंचवट्याला बांधलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. वारंवार आणि तिच्या ताकदीबाहेर ताण पडला की कंडरेचे तंतू विस्कटतात.

आपण म्हणाल, प्रत्यंचा तर बोटे मिटून खेचावयाची. मग मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा येथे संबंध काय? मलाही हाच प्रश्न पडला होता. बोटे मिटणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूस असतात हे खरे. पण ते एकटेच आवळले तर मनगट आत दुमडेल. ते सरळ राहावे म्हणून बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना तेवढाच जोर लावून उभे राहावे लागते. चांगल्या तिरंदाजाच्या हातात हा जोर बेताचा असतो, कारण त्याची बोटे केवळ आकड्यासारखी प्रत्यंचेत अडकलेली असतात आणि खेचण्याचे खरे काम पाठीचे, खांद्याच्या फऱ्यांमधले स्नायू करतात. धनुष्य पेलण्यापलीकडचे झाले की खांदा वर चढतो, कोपर बाणाच्या रेषेत मागे येत नाही, पाठ काम सोडते, आणि मग सगळा भार पंजा आणि मनगट यांच्यावर येऊन पडतो. माझ्या हातात नेमके हेच झाले होते. दुखावले ते कोपर, पण चूक पाठीची होती. आणि तिच्याही मागे जाऊन पाहिले तर ती माझ्या घाईची होती.

चाचणीनंतर मी कोपरात एक इंजेक्शन घेतले. आठवड्याभरात दुखणे नाहीसे झाले आणि पंधरा दिवसांत मी पुन्हा 42 पौंडांवर गेले. दोन महिन्यांनी ते दुखणे परत आले आणि या वेळी दाराची कडी काढणेही कठीण झाले. यात इंजेक्शन देणाऱ्याला मी दोष देत नाही. तो त्या काळी सर्रास होणारा उपचार होता. परंतु पुढे वाचनात आले ते सांगितले पाहिजे. 1979 मध्ये नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे तुकडे तपासले, तेव्हा तेथे दाह दाखवणाऱ्या पेशी आढळल्या नाहीत. आढळले ते विस्कटलेले, अपुरे भरून आलेले तंतू. दाह शमवणारे औषध अशा ठिकाणी मुळाशी पोहोचत नाही, हे मग समजण्यासारखे आहे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील 198 रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी पाहिले तर इंजेक्शन घेतलेले रुग्ण सर्वांत बरे होते. पण त्यांच्यापैकी पुष्कळांचे दुखणे उलटले, आणि पुढे व्यायामोपचार घेतलेले तसेच काहीही न करता नुसती वाट पाहणारे असे दोन्ही गट त्यांच्यापुढे गेले. वर्षाअखेरीस या दोन गटांत फारसे अंतर उरले नव्हते. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत काळ हाच मोठा वैद्य. पण तिरंदाजाला केवळ दुखणे थांबून भागत नाही. त्याला त्याच हातावर पुन्हा टनावारी ओझे घालावयाचे असते. त्यासाठी कंडरा पुन्हा मजबूत करावी लागते.

मला मार्ग दाखवला तो एका सरकारी रुग्णालयातील व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी. मी विचारले, "किती दिवस विश्रांती घेऊ?" त्या म्हणाल्या, "विश्रांतीने कंडरा बरी होत नाही, ती फक्त गप्प बसते. तिला काम द्या, पण तिला झेपेल एवढेच." त्यांनी मला टेबलाच्या कडेवर हात टेकवून, तळवा खाली ठेवून, एक किलोचे वजन मनगटाने अर्धा मिनिट नुसते तोलून धरावयास लावले. ना वर, ना खाली. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा. काही आठवड्यांनी तेच वजन सावकाश वर नेणे आणि त्याहून सावकाश खाली आणणे सुरू झाले. त्यांचा नियम साधा होता. दहापैकी तीनपर्यंतची कळ चालेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ती आदल्या सकाळपेक्षा अधिक असता कामा नये. अधिक असेल तर एक पायरी खाली. मी वहीत रोज सकाळी एक आकडा लिहू लागले. बाणांचे गुण लिहिण्याची सवय असलेल्या हाताला हे गुण लिहिणे फार जड गेले.

तीन महिन्यांनी हातात धनुष्य आले नाही, रबरी पट्टा आला. तो धनुष्यासारखा ओढावयाचा आणि आरशात पाहावयाचे : खांदा वर जातो का, कोपर बाणाच्या रेषेत मागे येते का, मनगट सरळ राहते का. त्यानंतर 20 पौंडांचे धनुष्य. ते नवशिक्या मुलींचे होते. पाच मीटरवर गवताची जाड गादी, तिच्यावर लक्ष्याचा कागद नाही, गुण नाहीत. एक दिवसाआड वीस बाण. शेजारच्या रेषेवर माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुली 70 मीटरवर नेम धरीत असत, आणि मी हात लांब केला तर जवळजवळ लागेल अशा गवतात बाण रोवीत असे. त्या काळात हा खेळ सोडण्याचा विचार मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु कागद नसल्यामुळे एक गोष्ट घडली. कोठे लागले हे पाहावयाचेच नव्हते, म्हणून बाण कसा सुटतो याकडे बारा वर्षांत पहिल्यांदाच माझे लक्ष गेले. बोटे उघडावी लागत नाहीत. पाठ खेचत राहिली आणि बोटांनी आवळणे सोडले की प्रत्यंचा आपली आपण निघून जाते, हे मला तेथे कळले. हे मला पहिल्या वर्षीच शिकवलेले होते; मीही मुलांना शिकवीत होते. कळले मात्र तेव्हा.

पुढचा क्रम मी शिक्षकांसाठी सांगते. ओढ आणि बाणांची संख्या या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कधीही वाढवावयाच्या नाहीत. आधी त्याच धनुष्यावर वीसाचे तीस, तीसाचे पन्नास बाण; मग दोन पौंड वाढवावयाचे आणि संख्या पुन्हा खाली आणावयाची. मधल्या दिवशी वजनांचा व्यायाम चालू ठेवावयाचा. दुखणे थांबले म्हणून तो सोडावयाचा नाही. अंतरही असेच : पाच मीटर, मग अठरा, तीस, पन्नास. बोटे बधिर होत असतील, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, तर ते दुखणे निराळे, मज्जातंतूचे असू शकते. आणि वाढत्या वयाच्या मुलाचे कोपर दुखत असेल तर हाडाच्या वाढीचा प्रश्न असतो. दोन्ही बाबतींत आधी डॉक्टर, मग व्यायाम.

अकराव्या महिन्यात मी 36 पौंडांच्या धनुष्याने एका जिल्हा स्पर्धेत उभी राहिले. बहात्तर बाण सोडले. गुण पूर्वीपेक्षा कमी होते आणि माझे नाव यादीत बरेच खाली होते. पण बहात्तरही बाण सुटले, भात्यात एकही उरला नाही. त्या रात्री मी कणीक मळली. 42 पौंडांवर मी पुन्हा कधीच गेले नाही. 38 वर थांबले, आणि हलके बाण घेऊन, पिन थोडी खाली आणून, 70 मीटरवर पुढची सहा वर्षे खेळले.

धनुर्विद्या आणि दुखावलेले शरीर यांचे नाते फार जुने आहे. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात लुडविग गुटमान या डॉक्टरांनी युद्धात जायबंदी झालेल्या सोळा स्त्री-पुरुषांची चाकांच्या खुर्चीवरील स्पर्धा भरवली. तो खेळ धनुर्विद्येचा होता आणि पुढच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथेच आहे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल चाकांच्या खुर्चीतून बाण सोडीत सर्वसामान्य खेळाडूंबरोबर स्पर्धेत उतरल्या. आपल्याकडे 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये हरविंदर सिंग यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि जन्मतः दोन्ही हात नसलेल्या शीतल देवीने पायाने धनुष्य धरून राकेश कुमार यांच्या जोडीने कांस्यपदक मिळवले. ही उदाहरणे मी कोणाला लाजवण्यासाठी देत नाही. त्यांच्यात आणि माझ्या लहानशा दुखण्यात तुलना नाही. मला त्यांतून एवढेच दिसते की, शरीर जसे आहे तसे मान्य करून त्याच्याभोवती बाण सोडण्याची रीत नव्याने बसवावी लागते. पूर्वीचे शरीर परत मिळण्याची वाट पाहत बसणारा तिरंदाज परत येत नाही.

एकलव्याची कथा आपण सर्वजण जाणतो. अंगठा कापून दिला येथे ती बहुतेक थांबते. महाभारताच्या आदिपर्वात मात्र पुढे एक लहानसे वाक्य आहे : त्यानंतर तो बोटांनीच प्रत्यंचा ओढू लागला, पण पूर्वीइतका चपळ राहिला नाही. तो परत धनुष्याकडे गेला, आणि पूर्वीसारखा झाला नाही. या दोन्ही गोष्टी त्या वाक्यात बरोबरीने सांगितल्या आहेत. पण कथेत आणखी एक माणूस आहे, अंगठा मागणारा गुरू. दुखावलेल्या काळात मी स्वतःला एकलव्याच्या जागी पाहत असे. पुढे माझ्या लक्षात आले की माझी जागा दुसरीही होती.

2010 मध्ये, म्हणजे माझे कोपर दुखावण्याच्या आदल्या वर्षी, मी लहान मुलांना शिकवण्यास मदत करीत असे. त्यांत बांबूच्या धनुष्यावरून नुकताच रिकर्व्हवर आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा होता. हात अतिशय शांत. एके दिवशी तो मला म्हणाला, "दीदी, कोपर दुखतंय." मी त्याला म्हणाले, "दुखणं म्हणजे मेहनतीची खूण." तो पुन्हा काही बोलला नाही. तीन महिन्यांनी त्याने मैदानावर येणे बंद केले. आम्ही म्हणालो, चिकाटी कमी पडली.

मी बरी झाल्यावर त्याच्या गावी गेले. तो विटांच्या ट्रकवर हमाली करीत होता. हात बरा होता. खेळ सुटला की तो आपोआप बरा झाला, म्हणाला. मी त्याला माझी वही दाखवली, वजने दाखवली, वीस पौंडांच्या धनुष्याचे सांगितले, आणि परत ये म्हटले. त्याने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "हे तेव्हा का नाही सांगितलंत, दीदी?" तेव्हा मला हे ठाऊक नव्हते, हे खरे उत्तर होते. पण तेही पुरे नव्हते. ठाऊक नसताना मी त्याला उत्तर दिले होते, ही माझी चूक होती. तो परत आला नाही. घरात त्याची मजुरी लागत होती.

म्हणून शिक्षकांपाशी माझे मागणे एवढेच आहे. मुलांच्या गुणांच्या वहीत आणखी एक रकाना आखा, आणि रोज सकाळी हात कसा आहे ते विचारून त्यात आकडा लिहा. मूल पाण्याचा तांब्या कोणत्या हाताने उचलते ते पाहा. आणि दुखते असे सांगणाऱ्या मुलाचे नाव यादीतून ताबडतोब खोडू नका, कारण एक नाव खोडलेले पाहिले की पुढची दहा मुले गप्प बसतात. हलके धनुष्य हाती देऊन त्याला मैदानावरच ठेवा. पालकहो, आपणही त्याला घरी विचारा. नोकरीच्या आशेपेक्षा हात आधी आहे हे त्याला आपल्याच तोंडून ऐकू द्या.

माझ्या कपाटात ते 20 पौंडांचे धनुष्य अजून आहे. मैदानावर नव्याने येणाऱ्या आणि दुखण्यातून परत येणाऱ्या अशा दोन्ही मुलांना मी तेच देते. ते कोणाचे आहे असे मुले विचारतात. माझे आहे, असे मी सांगते.